सोलापुरात पान कुठे मांडावे?

सोलापूरला येणारा पाहुणा बहुधा पुढे कुठेतरी जाण्यासाठी आलेला असतो. कुणाला अक्कलकोट गाठायचे असते, कुणाला तुळजापूर, कुणाला पंढरपूर. आपल्या समाजातील कुटुंबे कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्राची वंदना करून परतताना येथे एक रात्र थांबतात. चादरी-टॉवेलांच्या खरेदीसाठी येणारे व्यापारीही थोडे नसतात. सकाळी सिद्धेश्वराचे तळे आणि भुईकोट किल्ला, दुपारी बाजारपेठ, असा दिवस भरतो आणि मग यजमानापुढे तो प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर प्रवासाच्या पुस्तकांत सापडत नाही. यांना जेवायला कुठे न्यावे?

बँकेच्या नोकरीत असताना तपासणीसाठी आलेले अधिकारी मला हा प्रश्न विचारीत. निवृत्तीनंतर विचारणारे बदलले, प्रश्न तोच राहिला. आता नातेवाईक विचारतात, व्याही विचारतात, मुलांचे मित्र पुण्याहून निघण्यापूर्वीच दूरध्वनी करतात. प्रत्येकाला एका उपाहारगृहाचे नाव हवे असते. मी नाव सांगण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घेतो. बरोबर कोण कोण आहे? आणि पानावर किती वाजता बसणार? ही दोन उत्तरे मिळाल्यावाचून सांगितलेले नाव, तारणाची कागदपत्रे न पाहता मंजूर केलेल्या कर्जासारखे असते. फिटले तर नशीब!

या शहराच्या ताटात काय असते, ते आधी पाहू. सोलापूर हे सीमेवरचे शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे एकाच रस्त्यावर ऐकू येतात. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे हे गाव. तळ्याच्या काठाशी बहमनी काळातला भुईकोट किल्ला आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलने आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्यांनी येथे कामगारांची वस्ती वाढवली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभागात माग मांडले, आणि गुजराती, मारवाडी व हुमड व्यापाऱ्यांनी पेठा उभ्या केल्या. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. १९३०च्या मे महिन्यात येथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेले. त्या चार नावांतच शहराची घडण दिसते. जेवणही तसेच घडले आहे. प्रत्येक समाजाने आपली चूल आणली आणि काही पदार्थ सर्वांचे झाले.

त्या सर्वांच्या पदार्थांत पहिला मान ज्वारीच्या भाकरीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी ज्याने गरम खाल्ली आहे त्याला त्या मानांकनाचे नवल वाटणार नाही. तीच भाकरी पातळ थापून, खरपूस भाजून वाळवली की कडक भाकरी होते. ती महिनाभर टिकते व प्रवासात सोबत करते. दुसरा मान शेंगाचटणीचा. दाणे, तिखट, मीठ, जिरे आणि लसूण उखळात कुटून, तेल सुटेपर्यंत एकजीव केलेली ही चटणी सोलापूरची ओळख झाली आहे. त्यानंतर भरली वांगी, झुणका, मटकीची उसळ, डाळ घालून केलेली पालकाची पातळ भाजी, आणि गोडात शेंगापोळी किंवा गहू व गुळाची हुग्गी.

हेच ताट आपल्या घरातील नियम पाळणाऱ्या व्यक्तीच्या नजरेने पुन्हा पाहावे. चटणीत लसूण आहे. झुणक्यात कांदा आहे. वांगे बहुबीज म्हणून अनेक घरांत वर्ज्य आहे. पालक चातुर्मासात चालत नाही. इडली-डोशाचे पीठ आदल्या रात्री भिजवून आंबवलेले असते, म्हणून मर्यादा पाळणारा माणूस त्याला हात लावीत नाही. राहता राहिली भाकरी, डाळ, ताक, शेंगापोळी आणि हुग्गी. शेंगदाणा जमिनीखाली पिकतो, म्हणून कुणी शंका काढतो. परंतु त्याचे फूल जमिनीवर उमलते आणि फुलानंतर देठ मातीत शिरून शेंग धरते. तो कंद नव्हे, बी आहे, म्हणून बहुतेक घरांत तो चालतो. तात्पर्य, या शहराचे जे अन्न सर्वांत प्रसिद्ध, त्यातील निम्मे आपल्या काही माणसांसाठी नाही आणि उरलेले निम्मे त्यांच्यासाठी अतिशय उत्तम आहे. निवड करणाऱ्याने हा हिशेब दारात शिरण्यापूर्वी मांडलेला असावा.

दारावरची पाटी या कामी थोडीच मदत करते. ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दांचा अर्थ स्वयंपाकघरात मांस, मासे व अंडी नाहीत, एवढाच. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तेवढेच सांगतो. कांदा, लसूण, बटाटा यांविषयी तो मौन पाळतो. ‘जैन पदार्थ मिळतील’ ही ओळ अधिक आशा दाखवते, पण तिच्यामागे काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. मोठ्या उपाहारगृहांत रस्साभाज्यांची लाल, पिवळी व पांढरी अशी वाटणे सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार करून ठेवतात. लाल-पिवळ्यात कांदा-लसूण असतोच. पांढऱ्या वाटणातही काजूच्या जोडीला उकडलेला कांदा घालण्याची पद्धत आहे. जेथे जैन भाजीसाठी टोमॅटो-काजूचे वाटण वेगळे केले जाते, तेथे ‘जैन’ या शब्दाला अर्थ आहे. जेथे तयार वाटणात वरून कांदा घालायचा तेवढा टाळतात, तेथे तो शब्द निव्वळ शोभेचा.

म्हणून माझे चार प्रश्न ठरलेले आहेत. वाटण वेगळे करता का? भजी व वडे तळण्याची कढई आणि तेल एकच आहे का? काळा मसाला घरचा की विकतचा, आणि त्यात सुका कांदा-लसूण आहे का? पाणी गाळून, उकळून मिळेल का? हे प्रश्न वाढप्याला विचारून उपयोग नाही. गल्ल्यावरच्या मालकाला किंवा आचाऱ्याला, गर्दी नसताना, सौम्य शब्दांत विचारावेत. जो मालक आत जाऊन पाहून येतो आणि ‘अमुक जमेल, अमुक जमणार नाही’ असे सांगतो, तेथे निःशंक बसावे. जो जागचा न हलता ‘सगळे जैन होईल’ म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे. कर्जदाराची पारख करतानाही आम्ही हेच पाहत असू. आपली मर्यादा स्वतःहून सांगणाऱ्याचे खाते सहसा बुडत नाही.

मागणी करतानाही थोडा विचार करावा. डाळ आधी साधी शिजवलेली असते, फोडणी नंतर पडते. त्यामुळे जिऱ्या-हिंगाच्या फोडणीचे वरण कोणत्याही स्वयंपाकघरात सहज होते. जिरे-भात, साधी भाकरी, ताजे दही, भेंडी किंवा दोडक्याची सुकी भाजी यांना तयार वाटणाची गरजच नसते. बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून पावभाजी करण्याची रीत आता आचाऱ्यांना ठाऊक आहे. अवघड पदार्थ मागून आचाऱ्याला खोटे बोलायला लावण्यापेक्षा सोपा पदार्थ मागून त्याला खरे बोलू द्यावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, वेळेकडे वळू. रात्रिभोजनत्याग करणाऱ्या माणसाला सोलापूरचे सूर्यमान पाठ असते. जुलैच्या आरंभी येथे सूर्य सातनंतर मावळतो. नोव्हेंबरअखेर तो पावणेसहाच्या सुमारास मावळतो. गड्डायात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या मध्यास, सहा वाजून दहा-बारा मिनिटे होतात. कित्येक घरांत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपण्याची रीत आहे. म्हणजे नोव्हेंबरात पाचला हात धुवायचे आणि त्यासाठी सव्वाचारला पानावर बसायचे. उपाहारगृहांचे घड्याळ याच्या नेमके उलट चालते. दुपारचे जेवण तीनपर्यंत संपते, भट्टी थंड होते, आचारी पाठ टेकतात आणि चुली पुन्हा सातला पेटतात. जी वेळ आपली, तीच त्यांच्या झोपेची.

या विसंगतीची किंमत कोण देते, ते मी आमच्याच नात्यातील एका घरात पाहिले आहे. काकूंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, म्हणून मुलासुनांनी मोठ्या हौसेने होटगी रस्त्याच्या बाजूला एका चांगल्या उपाहारगृहात पंचवीस पाने सांगितली. वेळ रात्री साडेआठची, कारण दुकाने बंद करून सर्वांना यायचे होते. काकूंचा रात्रिभोजनाचा त्याग चाळीस वर्षांचा. त्यांनी साडेपाचला घरी मूग-भाताचे जेवण केले, साडेआठला नवी साडी नेसून त्या सर्वांबरोबर गेल्या आणि दोन तास टेबलाच्या मधल्या खुर्चीवर रिकाम्या हातांनी बसल्या. कुणी काही वावगे बोलले नाही, सर्वांनी नमस्कार केले, छायाचित्रे निघाली. परत येताना गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, “जेवण चांगले होते ना रे सगळ्यांचे?” त्यांचा नातू त्या प्रश्नाने गप्प झाला.

पुढच्या वर्षी त्या नातवाने वेगळा मार्ग काढला. तो व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा. त्याने मालकाशी श्रद्धेची चर्चा न करता धंद्याची भाषा केली. चार ते सहा या वेळात तुमची टेबले रिकामी असतात, भाडे व पगार मात्र चालूच असतात. रविवारी साडेचारला पंचवीस माणसे आणतो, पदार्थ पाचच, तेही आज ठरवून देतो, अर्धे पैसे आधी घ्या. मालकाने क्षणभर विचार केला आणि आचाऱ्याला बोलावले. त्या रविवारी दुकाने लवकर बंद झाली. भाकरी, जिऱ्याच्या फोडणीचे वरण, दोडक्याची भाजी, बिनलसणाची शेंगाचटणी आणि हुग्गी असे पान झाले. काकूंनी पहिला घास घेतल्यावर बाकीच्यांनी घेतला. पुढे त्या मालकाने रविवारी दुपारनंतर अशा आगाऊ मागण्या घेण्यास आरंभ केला, कारण जी वेळ त्याला तोट्याची होती, ती आता थोडीफार कमावू लागली होती.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. आपल्या समाजात हा विषय निघाला की दोन टोके दिसतात. ज्येष्ठ म्हणतात, बाहेर खाऊच नये. तरुण म्हणतात, ज्याला चालते त्याने खावे, ज्याला नाही त्याने घरी जेवून यावे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्हींत कुटुंबाचे एक पान कमी होते. तिसरे उत्तर थोडे कष्टाचे आहे. मेजावर ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याच्यासाठी जागा व वेळ निवडावी. बाकीचे तेथे आनंदाने जेवू शकतात. कडक नियमाचा माणूस सैल जागी बसू शकत नाही, पण सैल नियमाच्या माणसाला भाकरी-वरण जेवताना कोणताच अडथळा नसतो.

हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही. आता आपल्यातील अनेक कुटुंबे युरोपच्या सहलीला जातात. सहलीच्या कंपन्या जैन भोजनाची सोय करतात. मात्र एखादा दिवस मोकळा मिळतो आणि फ्लॉरेन्ससारख्या जुन्या शहरात आपली सोय आपणच पाहावी लागते. ब्रुनेलेस्कीने उभारलेला व १४३६ साली पूर्ण झालेला तो थोर घुमट पाहून झाला की भोवतालच्या गल्ल्यांत भोजनगृहांची रांग दिसते आणि सोलापूरचेच दोन प्रश्न पुन्हा उभे राहतात. तेथील रश्शांचा आरंभ बहुधा कांदा, गाजर व सेलरी बारीक चिरून परतण्याने होतो. वरून किसून घालायचे पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून बनते, म्हणून मांस नसलेला पदार्थही आपल्याला चालेलच असे नाही. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बॅसिलची साधी पास्ता, लसूण व चीज वगळून मागितली, तर बहुतेक ठिकाणी करून मिळते. तेथेही सोपी मागणीच खरी ठरते.

वेळेचे गणित मात्र तेथे ऋतूनुसार अगदी उलटेपालटे होते. जूनअखेर फ्लॉरेन्सला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसातला उघडणाऱ्या भोजनगृहात चौविहार पाळणारा माणूसही दिवसाउजेडी जेवू शकतो. डिसेंबरात तोच सूर्य पावणेपाचच्या आत जातो, आणि दुपारी अडीच ते सात तेथील बहुतेक चुली बंद असतात. म्हणून हिवाळ्यात तेथे दुपारचे जेवण हेच मुख्य जेवण मानावे व संध्याकाळसाठी दशमी-खाकरा जवळ ठेवावा. शहर कितीही दूरचे असो, सूर्यास्ताची वेळ आणि स्वयंपाकघराची वेळ शेजारी शेजारी लिहून पाहिली की अर्धा निर्णय तेथेच होतो.

आता सोलापुरात उतरलेल्या कुटुंबाने दिवस कसा आखावा, ते सांगतो. सकाळी सिद्धेश्वर मंदिर व किल्ला पाहावा. दोन्ही शेजारी आहेत. तेथून पार्क चौक व नवी पेठ जवळ. या भागातील साध्या शाकाहारी खानावळीत दुपारी बारा ते एक या वेळात जावे. तेव्हा भाकरी तव्यावरून थेट पानात येते व विचारपूस करायला मालकाला सवड असते. लिंगायत खानावळी येथे जुन्या आहेत. त्यांच्या चुलीवर मांस कधीच चढत नाही, म्हणून कांदा-लसणापुरतेच विचारावे लागते. संध्याकाळी पार्क चौकातील गाड्यांवर तरुणांची गर्दी होते. तेथील तळण एकाच कढईतले असते, हे ज्याचे त्याने जाणावे. मोठ्या गटाला सात रस्ता, होटगी रस्ता किंवा विजापूर रस्त्याच्या बाजूची प्रशस्त उपाहारगृहे सोयीची, पण तेथे सकाळीच दूरध्वनी करून वेळ व पदार्थ ठरवावेत. मुंबईहून वंदे भारत गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती रात्री साडेदहानंतर सोलापूरला पोहोचते. नियमाच्या माणसाचे जेवण सूर्यास्तापूर्वीच, गाडीत डबा उघडून, व्हावे लागते.

आणखी एक वाट आहे. या शहरात अनेक भगिनी घरी कडक भाकरी, चटण्या व शेंगापोळ्या करून विकतात. दोन दिवस आधी सांगितले तर बिनलसणाची चटणी त्या वेगळ्या उखळात कुटून देतात. पाहुण्यांपैकी कुणाचा नियम फारच कडक असेल, तर अशा घरून ताजे पान मागवावे व मंदिराच्या धर्मशाळेत किंवा आपल्याच ओसरीवर पंगत मांडावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. सोलापूरची खरी चव अनेकदा पाटी नसलेल्या दारातच मिळते.

पाहुणा जैनेतर असेल तर निवड आणखी सोपी होते. त्याला आपल्या नियमांचे व्याख्यान नको असते. त्याला सोलापूरचे ताट हवे असते. त्याला गरम भाकरी, लोण्याचा गोळा, उसळ, चटणी आणि शेवटी वाटीभर हुग्गी द्यावी. आपण काय खात नाही हे त्याला कळलेही नाही आणि तो तृप्त होऊन उठला, तर यजमानपण पार पडले असे समजावे.

उपाहारगृहे उघडतात, बंद होतात, मालक बदलतात, आचारी दुसऱ्या गावी जातात. म्हणून या लेखात मी एकाही उपाहारगृहाचे नाव लिहिलेले नाही. नाव जुने होते, प्रश्न जुने होत नाहीत. बरोबर कोण आहे आणि सूर्य कधी मावळतो, एवढे घरातून निघताना पक्के करावे. मग नवी पेठ असो की फ्लॉरेन्सची गल्ली, आपल्या माणसांपैकी एकही रिकाम्या पानापुढे बसणार नाही.